पायाखालचे तोहो

१

सकाळी शेळ्यांच्या धारा काढायच्या, चीज थापून टांगायचं, लामांना वरच्या कुरणाकडे हाकलायचं, आणि ऊन कलंडलं की आवाराच्या दगडी भिंतीला पाठ लावून टकळी घेऊन बसायचं. बासिलियाचे दिवस असे एकाला एक चिकटलेले होते. टकळी फिरवताना ती कुठेच बघायची नाही. बघायची गरजच काय? समोरचं माळरान तिला सगळं सांगायचं.

त्या माळाखाली तोहो राहतात. मुठीत मावतील एवढे जीव. उंदीर म्हणा, घूस म्हणा, दोहोंच्या मधलं काहीतरी. नारिंगी दात, खुरटी शेपटी, आणि तोंड दाखवायचा भारी कंटाळा. इथे आग्वा चिका गावात जन्म काढलेल्या माणसांनीसुद्धा धड अख्खा तोहो पाहिलेला नसतो. बिळाच्या तोंडाशी उडणारी वाळू आणि आत ओढली जाणारी गवताची काडी, एवढंच काय ते दर्शन. आवाज मात्र दिवसभर. टुक-टुक-टुक, टुक-टुक-टुक, कुणी पाटावर बोटाने ठोकावं तसा, जमिनीच्या पोटातून, शेकडो जणांचा एकदम. परक्याचं डोकं उठेल. गावातल्यांना तो ऐकूही येत नाही.

ऐकू येतं ते थांबल्यावर. माळावर पाऊल पडलं की त्याच्या आसपासचे तोहो गप्प होतात. पाऊल पुढे गेलं की मागचे पुन्हा सुरू करतात. म्हणजे चालणाऱ्याबरोबर शांततेचं एक रिंगण सरकत जातं, आणि बासिलिया या रिंगणावरून कोण येतंय ते ओळखायची. लामांचं रुंद, सावकाश. कोल्ह्याचं अरुंद, झरझर जाणारं. सासूबाईंचं जड आणि मध्येच थबकणारं, कारण रुफिनाबाईंना दम लागायचा. आणि नील्दाचं, म्हणजे बासिलियाच्या सात वर्षांच्या पोरीचं, एवढंसं, कधी इथे तर कधी तिथे. पोरगी सरळ चालेल तर शपथ.

त्या दिवशी वारा पडला होता. तोहो जोरात होते, कुठे खंड नाही. कातलेला धागा गुंडाळायला बासिलियाने मान वर केली, आणि समोर चार हातांवर तिचा नवरा उभा होता.

"घाबरू नको," तो म्हणाला. "मीच आहे."

लिबोरियोला मरून तीन वर्षं होत आली होती.

२

मरून म्हणजे सगळ्यांनी तसं धरलं होतं. मिठाच्या ट्रकवर हमाल म्हणून तो डोंगरापलीकडे चिलीकडे निघाला आणि खिंडीत पांढऱ्या वादळाने ट्रकला गाठलं. बर्फ वितळल्यावर ट्रक सापडला, आत ड्रायव्हर सापडला. लिबोरियो सापडला नाही.

बासिलियाचं म्हणणं होतं, थांबू या. रुफिनाबाईंना धीर नव्हता. "माझं पोर वाऱ्यात उघडं पडलंय," त्या म्हणायच्या. "त्याला वाट लावून द्या." मग रीतीप्रमाणे सगळं झालं. त्याचे कपडे ओढ्यावर धुतले आणि जाळले, टोपीसुद्धा ठेवली नाही. गावात प्रार्थना म्हणायला अन्सेल्मो म्हातारा असतो. मेलेल्याला वाट दाखवायला म्हणून त्याने एका काळ्या कुत्र्याच्या पाठीवर भाजलेला मका आणि कोकाची पानं भरलेली इवलीशी पिशवी बांधली आणि कुत्र्याला मावळतीकडे नेलं. परतला तेव्हा हातात नुसती दोरी होती. घरी येताना कुणी मागे वळून बघितलं नाही. बघायचं नसतंच. त्यानंतर दोन नोव्हेंबर, मृतांच्या दिवशी, लिबोरियोच्या नावाने टेबल मांडलं: पावाच्या शिड्या, पावाची माणसं, मक्याची दारू. यंदा तिसरं आणि शेवटचं मांडायचं, की बासिलियाचा काळा घागरा सुटणार होता.

आणि हा बाबा चुलीशी बसून चुन्योचं, गोठवून सुकवलेल्या बटाट्यांचं, सूप भुरकत होता.

त्याची हकीकत सरळ होती. बर्फात पाय मोडला, पलीकडच्या मेंढपाळांनी उचलून नेलं. पाय वाकडा जुळला. जवळ कागदपत्र नाही, खिशात दमडी नाही, म्हणून द्राक्षांच्या मळ्यात राबत राहिला. "असल्या अवतारात घरी काय तोंड दाखवायचं, असं वाटायचं," तो म्हणाला. रुफिनाबाई त्याच्या वाटीत बटाटे घालत होत्या, रडत होत्या, पुन्हा बटाटे घालत होत्या.

बातमी ऐकून अन्सेल्मो धापा टाकत आला. दारातच उभं राहून त्याने लिबोरियोला वरून खाली न्याहाळलं.

"गाढवा, मी तुला या हातांनी पोचवलं. प्रार्थना म्हणता म्हणता माझा घसा बसला."

"वाट चुकलो, ताता अन्सेल्मो. तुम्ही नीट दाखवली नसणार."

सगळे पोट धरून हसले. नील्दाही हसली, बाप नावाच्या या माणसाकडे आजीच्या घागऱ्याआडून बघत. बासिलिया हसली ती जरा उशिरा. ती अजून हबकलेली आहे असं सगळ्यांनी समजून घेतलं. तिनेही तसंच समजून घेतलं. पण भांडी घासताना तिला उमगलं की मेलेला नवरा दिसला म्हणून काही ती हबकली नव्हती. त्याला ओळखायच्या आधीच तिच्या छातीत धस्स झालं होतं. समोर एक माणूस उभा होता, माळ ओलांडून आला होता, आणि तोहो थांबले नव्हते.

३

बासिलिया काही खुळी बाई नव्हती. एकदा असं झालं म्हणून तिने लगेच काही मनात धरलं नाही. पाय वाकडा, चाल हलकी, पायांत टायरच्या वहाणा. नाही लागली तोहोंना चाहूल. मग तोहो थांबतात का बघायला तीच माळावरून चालत गेली. गप्प. रुफिनाबाईंना शेण गोळा करायला पाठवलं. गप्प. लिबोरियो दुपारचा लवंडला असताना त्याच्या वहाणा घालून, त्याच्यासारखं लंगडतसुद्धा ती चालून आली. गप्प. स्वतःचंच तिला हसू आलं. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, नवरा आला आणि बाईचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी तो ओढ्यावर पाण्याला गेला. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. टुक-टुक-टुक, चहूकडे, भरगच्च. तो कुठे असेल याचा काही म्हणता काही अदमास लागेना. तिने डोळे उघडले तर तो ऐन माळाच्या मध्यावर होता, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन. बादल्यांच्या ओझ्याने त्याचे खांदे उतरले होते. वाळूत त्याचे ठसे उमटत होते, टायरच्या नक्षीसकट. ठसे तिने नंतर जाऊन बोटाने चाचपून पाहिले. खोल होते, खरे होते.

एकदा जेवणानंतर तो झोपला असताना तिने हळूच त्याच्या छातीला कान लावला. ठोके पडत होते. अंग ऊबदार होतं, घामाचा वासही तोच, जुना. तिला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. स्वतःशीच म्हणाली, बासिलिया, देवाने दिलंय ते घे की मुकाट. ती तशीच पडून राहिली.

आणि मग ठोक्यांच्या आड दुसरा एक आवाज आहे असं तिच्या ध्यानात आलं. तो खालून येत होता, खाटेखालून.

तोहो घराखाली येत नाहीत. माणसांच्या पायांची धप-धप जिथे चालते तिथे बीळ करायला ते वेडे नाहीत. ती वाकून बघू लागली. खाटेखाली, लिबोरियो झोपायचा त्या बाजूला, ओलसर वाळूचा ताजा ढीग होता. तिने पाय आपटला. आवाज थांबला. वाळू झाडून बाहेर टाकली. दुसऱ्या दिवशी ढीग पुन्हा तिथेच.

४

खरं सांगायचं तर हा लिबोरियो आधीच्यापेक्षा चांगला होता. आधीच्याचा हात सुटायचा. दारू पोटात गेली की हातात येईल ते फेकायचा. एक पातेलं अजून पोचा घेऊन घरात नांदत होतं. हा दारूला शिवत नव्हता. आवाराची पडकी भिंत त्याने न सांगता रचली. सकाळी नील्दाला पुढ्यात बसवून तिच्या वेण्या घालायचा, न ओढता, न दुखवता. पोरगी आठवड्याभरात त्याच्या मागे मागे फिरू लागली, त्याच्याच ताटात जेवू लागली.

माणूस मरणाच्या दारातून येतो तेव्हा सुधारत नाही काय? सुधारतो. आणि मूठभर उंदरांच्या साक्षीवरून का कुणी नवऱ्याला खोटा ठरवतं? बासिलिया स्वतःला असं दरडावायची. ज्या नवऱ्यासाठी ती ओढ्यावर ऊर फुटेस्तोवर रडली होती, त्याच्यापेक्षा हा बरा. त्याचंच तिला जास्त भय वाटायचं, आणि वाटलं की स्वतःची चीड यायची.

शेवटी ती अन्सेल्मोकडे गेली. म्हातारा अंगणात वादी वळत बसला होता. तिने सांगितलं. तो कोकाची पानं या गालातून त्या गालात करत राहिला.

"ताता, तो कुत्रा परत आला नव्हता ना?"

"मारलेला कुत्रा कसा येईल बाई."

"मग?"

"मग काय. आपण घाई केली." त्याने वादी बाजूला ठेवली. "तुझ्या सासूला धीर नव्हता, मला नाही म्हणवेना. भूमातेला सांगून बसलो की हा गेला, याला सोड, याचा भार आता धरू नकोस. आता तिला उलटं कोण सांगणार? जायची प्रार्थना मला येते. यायची कुणी शिकवलीच नाही."

"म्हणजे तो..."

"म्हणजे काही नाही. मी म्हातारा आहे, मला कमी ऐकू येतं. तोहो बोलतात की गप्प बसतात, मला काय पत्ता?" मग वादी पुन्हा उचलत तो म्हणाला, "जेवतो ना नीट? झोपतो ना? मग सांभाळ. त्याची काही चूक नाही यात."

ते तिलाही कळत होतं. चूक त्याची नव्हतीच.

ऑक्टोबर सरत आला. सणाचं पीठ दळून आलं. रुफिनाबाई परातीशी बसून म्हणाल्या, "यंदा तुझ्या बापापुरतंच टेबल मांडायचं रे. तुझी शिडी वाचली."

"माझ्या टेबलावर काय काय ठेवायचात?" लिबोरियोने सहज विचारलं.

"काय नव्हतं ते विचार. पाव, दारू, तिखट रस्सा, सिगारेटसुद्धा."

"गोड नव्हतं," तो म्हणाला. "मागच्या खेपेला."

रुफिनाबाईंचे हात पिठात थांबले. साखर मागच्या वर्षी खरंच संपली होती. "नील्दा, तू सांगितलंस होय गं चोंबडे?" त्या हसून म्हणाल्या. नील्दा पिठाची लामा करण्यात गुंग होती. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. बासिलियाने मनाशी म्हटलं, तिनेच सांगितलं असणार.

५

त्यानंतर एके दुपारी ती कातत बसलेली असताना मागून दोन इवल्या हातांनी तिचे डोळे झाकले.

टकळी खाली पडली. तोहो तर अखंड बोलत होते.

"कुठून आलीस गं?"

"माळावरून. बाबांबरोबर बोरं वेचत होते."

"घराच्या मागून आलीस ना? भिंतीच्या कडेकडेने?"

"नाही. सरळ आले. बघ, मला पण सरळ चालता येतं."

बासिलियाने पोरीचे पाय हातांत घेऊन पाहिले. धुळीने माखलेले, टाचा फुटलेल्या, गार. मग तिने नील्दाला घट्ट धरलं, इतकं की पोरगी कुरकुरली. त्या दिवसापासून ती पोरीला या ना त्या कामाला जवळच अडकवून ठेवू लागली. तोहोंचं कोडं आता नवऱ्याचं राहिलं नव्हतं. त्याचं जे व्हायचं ते झालं होतं. पोरीचं होत होतं.

आणि नेमकं तेव्हाच लिबोरियो म्हणाला, "सणाआधी हिला आब्रा पाम्पा शहरात नेऊन आणतो. बोटं बाहेर आलीत वहाणांतून. बूट घेऊ, जत्रा दाखवू, दोन-चार दिवस माझ्या मावसभावाकडे राहू."

"नको," बासिलिया म्हणाली.

"का गं?"

का ते सांगता आलं असतं तर हवं काय होतं. तिची नजर चुलीकडे वळली. "लांब आहे. ऊन आहे."

"ऊन तर तुझ्या लग्नातही होतं," रुफिनाबाई फटकारून म्हणाल्या. "बाप पोरीला बूट घेतोय आणि ही बया मातीला कान लावून बसलीय. मला काय दिसत नाही? खाटेखाली वाकतेस, त्याचे ठसे मोजतेस. जिवंत नवरा पचत नाही होय तुला? काळा घागरा बरा वाटत होता?"

"आई, तसं नाही."

"मग कसं ते बोल."

लिबोरियोने आईला हाताने थांबवलं. "तिला नको असेल तर राहू दे," तो शांतपणे म्हणाला. आधीचा असता तर पातेलं भिरकावलं असतं. नील्दाने मात्र भोकाड पसरलं. बूट, जत्रा, बाबा. रुफिनाबाई सुनेकडे अशा बघत राहिल्या की बासिलियाची मान खाली गेली. ती हो म्हणाली.

६

जेवणं आटोपून ते निघाले. ट्रकचा रस्ता माळाच्या पलीकडे. बासिलियाने पोरीच्या गाठोड्यात पाव बांधला, तिचा गाल चोळला, आणि भिंतीशी जाऊन बसली. टकळी घेतली, पण धागा काही सुटेना.

आधी तिला ते ऐकू आलं. एवढंसं रिंगण, डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. नील्दा उड्या मारत चालली होती. बापाचं नाही, पण पोरीचं परत आलं होतं. बासिलियाने श्वास सोडला. म्हणजे पोर अजून आपली आहे. म्हणजे जाऊन येईल.

मग लिबोरियोने चालता चालता हात खाली केला आणि नील्दाने तो धरला.

रिंगण आकसू लागलं. कडेकडेने तोहो परतू लागले, आधी एक, मग चार, मग सगळे, आणि शांतता डबकं आटावं तशी आटत गेली. दोघं चाललेच होते. पोरगी उड्या मारतच होती, तिचं गाठोडं पाठीवर हिंदकळत होतं. माळ मात्र असा बोलत होता की जणू त्यावर कुणी नाहीच.

बासिलिया कशी उठली, कशी धावली, ते तिला नंतर आठवलं नाही. तिच्या पायांबरोबर गप्प होणारी जमीन तेवढी आठवली. तिने पोरीचा दुसरा हात धरून तिला ओढून काढलं, शाल काढली आणि तान्ह्या पोराला बांधतात तशी सात वर्षांची घोडी पाठीशी बांधली.

"आई, मी मोठी आहे," नील्दा ओशाळून म्हणाली.

लिबोरियो बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी कळल्यासारखा, थोडा दमल्यासारखा तो दिसत होता. "उद्या जाऊ," तो म्हणाला. "किंवा नको जाऊ या. तू म्हणशील तसं." आणि तो घराकडे निघाला, लंगडत, ठसे उमटवत, आणि त्याच्या चहूबाजूंनी टुक-टुक-टुक.

बासिलिया उभीच होती. तिच्याभोवती चांगलं मोठं रिंगण पडलं होतं. पोर पाठीवर जड लागत होती, मानेवर तिचा श्वास येत होता. पण या शांततेत पोरीचं किती आणि आपलं किती, हे कसं कळणार? आपल्या अंगाला चिकटून आहे तोवर काहीच कळणार नव्हतं. कळायचं तर तिला खाली ठेवून, एकटीला ठेवून, पुरेसं लांब जायला हवं होतं.

शेवटी तिने शालीची गाठ सोडली.

"नील्दा, इथेच उभी राहा. बाबांकडे जायचं नाही. मी सांगेन तेव्हा उड्या मारायच्या, दोन्ही पायांनी, जोरात."

"खेळ आहे?"

"हो."

ती मागे सरकत गेली, पोरीवरून नजर न काढता. तिची शांतता तिच्याबरोबर मागे आली. मधल्या जागेत एखाद-दुसरा तोहो दबकत बोलू लागला.

"मार उड्या."

नील्दाने उड्या मारल्या. धप, धप. धूळ उडाली, वेण्या उडाल्या. आणखी तोहो बोलू लागले. बासिलिया आणखी मागे गेली. ते लांबचे असतील, तिने मनाशी म्हटलं. पलीकडच्या अंगाचे असतील. "जोरात मार बाळा, अजून जोरात." पोरगी हसत हसत नाचू लागली.

आणि मग नील्दा थांबली, खाली बघत. तिच्या पायाशी वाळू उसळली आणि एक तोहो बाहेर आला. अख्खा. नारिंगी दात, चिमुकले डोळे, नखांना चिकटलेली ओली माती. त्याने इकडेतिकडे हुंगलं. मग एखादा दगड ओलांडावा तसा तो सावकाश नील्दाच्या उघड्या पायावर चढला, तिथे बसला, आणि तोंडातली काडी कुरतडू लागला.

पोरीने हरखून मान वर केली. "आई, बघ गं," ती हळूच म्हणाली. "हा मला घाबरतच नाही."

बासिलिया तिच्याकडे निघाली, जितके जोरात आपटता येतील तितके पाय आपटत.